राउटर गप्प होतो तेव्हा : मालवण किनाऱ्यावरच्या तीस वर्षांचा मागोवा

सुताराची जुनी हत्यारं हळूहळू थकतात. पटाशी बोथट होते, रंध्याचं पातं लाकूड ओरबाडू लागतं, करवतीचे दात चालेनासे होतात. काम करणाऱ्या हाताला ते आधीच कळतं. विजेवरचा राउटर तशी वर्दी देतोच असं नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दाराच्या फळीवर नक्षी काढणारं मशीन जेवून आल्यावर बटण दाबलं तरी हूं की चूं करत नाही. देवगड, मालवण, वेंगुर्ला या पट्ट्यात ज्यांनी ज्यांनी राउटर वापरला, त्या सगळ्यांवर ही वेळ कधी ना कधी आली आहे. काळाप्रमाणे बदलत गेली ती त्यामागची कारणं. त्यांच्या मागे चालत गेलं की या किनाऱ्यावर वीज कशी वागली, घरं कशी बदलली आणि दुरुस्तीचं ज्ञान कुणाकडे राहिलं, हे सगळं दिसू लागतं.

रंध्यापासून राउटरपर्यंत

हातात धरून चालवायचा विजेवरचा राउटर अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या काळात बनला. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहरात आर. एल. कार्टर यांनी तो बनवला आणि 1929 मध्ये त्यांचा हा धंदा स्टॅन्ली कंपनीने विकत घेतला. आमच्या सुतारशाळांपर्यंत पोहोचायला त्याला बराच काळ लागला. 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला, तेव्हा इथलं सुतारकाम मुख्यतः हाताचंच होतं. फणस, साग, किंजळ, ऐन ही लाकडं. दारांच्या चौकटी, देव्हारे, पाट, चतुर्थीची माटवी आणि होड्यांची डागडुजी ही कामं. खाच काढायला वेगळा रंधा, कड गोल करायला वेगळा.

नव्वदच्या दशकात चित्र पालटू लागलं. 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. 1998 मध्ये कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळुरूपर्यंत सलग धावू लागली. तारकर्ली-देवबागेत निवासाच्या खोल्या वाढल्या, गावागावांत स्लॅबची घरं उठली, त्यांत प्लायवूड आणि सनमायका आला. सनमायकाची कड साफ करायला छोटा ट्रिमर लागायचा. दारावर नक्षी काढायला, बिजागरीची खाच पाडायला मोठा राउटर. मुंबईहून चतुर्थीला येणारे चाकरमानी नागदेवी स्ट्रीटवरून मशीन आणायचे आणि त्याचं सामान लोहार चाळीतून. दिवसभराचं कड गोल करायचं काम तासाभरात होऊ लागलं. त्याबरोबरच सुताराला माहीत नसलेलं एक नवं दुखणं त्याच्या घरात आलं: आत काय बिघडलं ते बाहेरून दिसत नाही.

वीज अपुरी, वायर बारीक

पहिल्या काळात राउटर चालू झाला नाही तर दोष बहुधा मशीनमध्ये नसायचा. गुहागरजवळचा दाभोळचा वीज प्रकल्प 2001 मध्ये बंद पडला आणि पुढची बरीच वर्षं महाराष्ट्राने भारनियमनात काढली. 2005 मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण कंपनी झाली, तरी गावातलं वेळापत्रक तेच राहिलं. वीज असायची तेव्हाही दाब कमी असायचा. 230 व्होल्टवर चालायचं मशीन त्याच्या कितीतरी खालच्या दाबावर चालवलं जायचं.

राउटरमधली मोटर अशी असते की दाब कमी झाला तरी ती फिरते, पण हळू. मिनिटाला 10 हजारांपासून 30 हजारांपर्यंत फेरे घेण्यासाठी ती बनलेली असते. फेरे पडले की कटर लाकडात अडकतो, कारागीर जोर लावतो, मोटर जास्त करंट खेचते आणि तिला गार ठेवणारा पंखा मात्र त्याच दांड्यावर असल्यामुळे तोही मंद झालेला असतो. आतली वाइंडिंग अशीच भाजली जाते. आज जोर लावलेलं मशीन चार दिवसांनी गप्प होतं. म्हणून मूळ कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

त्यात भर पडायची ती एक्स्टेन्शनच्या बारीक वायरची. 1600 वॉटचा राउटर पूर्ण भारावर सुमारे 7 अँपिअर करंट घेतो, सुरू होताना त्याहून जास्त. पडवीतून अंगणात ओढलेल्या लांब, दिव्यासाठीच्या बारीक वायरवर दाब आणखी पडतो. वायर गुंडाळलेलीच ठेवली तर ती तापून तिचं वेष्टनही वितळतं. जाणते मेस्त्री म्हणूनच आजही पहिला हात मशीनला लावत नाहीत. आधी त्याच पॉइंटवर बल्ब लावून बघतात, मग एक्स्टेन्शन बाजूला ठेवून थेट भिंतीच्या पॉइंटवर मशीन लावून बघतात. त्या काळाने शिकवलेला हा धडा अजूनही निम्मी धावपळ वाचवतो.

कार्बनचं शहाणपण

विजेची परिस्थिती सुधारत गेली तशी दुसरी कारणं पुढे आली, आणि त्यांत पहिला मान कार्बनचा. राउटरच्या फिरणाऱ्या आर्मेचरला वीज पोहोचते ती दोन बाजूंनी स्प्रिंगने दाबलेल्या कार्बनच्या दोन तुकड्यांतून. ते तांब्याच्या कम्युटेटरवर घासत राहतात आणि झिजतात. झिजणं हेच त्यांचं काम. केबल, स्विच, फिल्ड कॉइल, कार्बन, आर्मेचर हे सगळं एकाच माळेत जोडलेलं असतं. कुठेही एक जागा तुटली की संपूर्ण मशीन मृत होतं. दहा-पंधरा मिनिटांत बदलता येणारा कार्बन संपला काय किंवा महागाचं आर्मेचर जळलं काय, बाहेरून दिसणारं लक्षण एकच.

बऱ्याच मशीनच्या कार्बनमध्ये एक छोटी सोय असते. कार्बन ठरावीक मर्यादेपर्यंत झिजला की आतली स्प्रिंगवरची खीळ पुढे येते आणि त्याला कम्युटेटरपासून उचलून धरते. कम्युटेटर खराब होऊ नये म्हणून केलेली ही व्यवस्था. त्यामुळे मशीन अगदी ठणठणीत चालत असताना एका क्षणी बंद पडतं. ठिणग्या नाहीत, वास नाही, आवाजात फरक नाही. हे ठाऊक नसलेल्याला वाटतं, मोटर गेली. या गैरसमजापायी किती चांगली मशीनं भंगारात गेली असतील!

वास किंवा धूर न येता मशीन गप्प झालं की जुने कारागीर म्हणायचे, “आधी कार्बन बघ, मगे वाइंडिंगाक हात लाव.” या एका वाक्यात पुष्कळ ज्ञान आहे. दोन्ही बाजूंच्या टोप्या उघडून कार्बन बाहेर काढायचे. 5-6 मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील तर दोन्ही एकदम बदलायचे, एकच बदलायचा नाही. ते आपल्या खोबणीत सहज सरकतात का, स्प्रिंगमध्ये जोर आहे का, हेही बघायचं. मिळेल तो स्वस्त कार्बन घासून बसवण्याची सवय मात्र आपल्याकडे फार पसरली. कार्बन कडक निघाला तर तो स्वतः झिजत नाही, कम्युटेटरचं तांबं खातो आणि थोड्या पैशांची बचत आर्मेचरवर येते.

खाऱ्या हवेचं काम

घाटावर शिकून आलेल्या मेकॅनिकला इथे वेगळंच दुखणं भेटतं. मिठाचा गुण असा की हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की ते पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते त्याहून कमी आर्द्रतेतही ओलावा धरतात. किनाऱ्यावर पावसाळ्याचे महिने हवा याहून दमट असते. म्हणजे मशीनच्या आत बसलेला खाऱ्या धुळीचा पातळ थर सुकतच नाही. कार्बनच्या पितळी खोबणीत हिरवा कळंक चढतो, कार्बन तिथेच चिकटतो आणि झीज झालेली नसतानाही कम्युटेटरपर्यंत पोहोचत नाही. स्विचच्या आत लाकडाचा बारीक भुसा आणि हा ओलावा मिळून घट्ट लगदा होतो.

म्हणून इथे राउटर बंद पडण्याचा हंगाम ठरलेला असतो. जूनमध्ये काम थंडावतं, मशीन माळ्यावर जातं आणि चतुर्थीच्या आधी, माटव्या-पाटांची घाई सुरू झाली की खाली उतरतं. नेमकं तेव्हाच ते चालत नाही. अशा वेळी कार्बन काढून खोबणी आणि कम्युटेटर कोरड्या कापडाने पुसले, स्विचमधला भुसा हवेने उडवला, तर बहुतेकदा काम भागतं. दमट दिवसांत विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा ईएलसीबी पडू लागला तर तो आपल्याला काही सांगत असतो: आतून वीज अंगावर येण्याच्या वाटेवर आहे. तो काढून थेट जोडणी करणाऱ्याने स्वतःच्या जिवाशी खेळ मांडलेला असतो.

तौक्तेनंतर

16 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून गेलं. कौलं उडाली, पत्रे उडाले, माड आणि आंबे आडवे झाले, विजेचे खांब मोडले आणि कित्येक गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. छपरं गेलेल्या सुतारशाळांत मशीनं पावसात भिजली. दारं-खिडक्या दुरुस्त करायची तातडी गावभर होती आणि ती करणारी हत्यारंच बंद होती.

भिजलेलं मशीन लगेच लावून बघणं ही सर्वांत महागाची घाई. खारं पाणी वाइंडिंगवर असताना वीज दिली की ती जळण्याची शक्यता फार. ते उघडून, गोड्या पाण्याने खार धुऊन, सावलीत आणि वाऱ्यावर दिवसच्या दिवस सुकवून, इन्सुलेशन मोजणाऱ्या मेगरने तपासून मगच जोडलं तर वाचण्याची आशा असते. दुसरा त्रास जनरेटरचा. छोट्या जनरेटरचा दाब वर-खाली होतो आणि नव्या राउटरमध्ये वेग राखणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. तो हे सहन करेलच असं नाही. वादळाने विचारायला लावलेला प्रश्न साधा होता: गावात हे उघडून बघणारं कोण आहे?

दुरुस्ती करणारे हात

एक काळ होता, कुडाळ-कणकवलीला पंपांच्या मोटरी भरणारे वाइंडर राउटरचं आर्मेचरही भरून द्यायचे. ते जमलं नाही तर एसटीच्या पार्सलने ते कोल्हापूर-बेळगावला जायचं. आर्मेचरमधली तार केसासारखी बारीक; ती मोजून, त्याच वेढ्यांनी भरणं हे नजरेचं आणि चिकाटीचं काम. आता तयार आर्मेचर कुरिअरने घरी येतं. ही सोय मोठी आहे, तिचं मोल मी कमी लेखत नाही. पण वाइंडरच्या दुकानात मशीन का गेलं हेही कळायचं. कुरिअरच्या खोक्यात ते उत्तर नसतं. कारण न शोधता बसवलेलं नवं आर्मेचर त्याच बारीक वायरवर, त्याच तुंबलेल्या हवेच्या भोकांनी पुन्हा जळतं.

आता बॅटरीवरची ब्रशलेस मशीनं आली आहेत. त्यांत कार्बनच नाही, त्यामुळे वरचं अर्धं दुखणं संपलं. पण त्यांचा बोर्ड गेला की गावात कुणाला काही करता येत नाही. विजेवरच्या नव्या राउटरांतही जाणून घ्यायच्या दोन गोष्टी आहेत. काही मशीनं स्विच चालू अवस्थेत असताना प्लग लावला तर सुरक्षेसाठी सुरूच होत नाहीत. स्विच एकदा बंद करून पुन्हा दाबावा लागतो. आणि बोर्ड असलेल्या मशीनवर मल्टिमीटरने प्लगच्या दोन पिनांमध्ये तपासलं तर सर्किट तुटल्यासारखं दिसू शकतं, जरी ते चांगलं असलं तरी. साध्या, बोर्ड नसलेल्या मशीनवर मात्र स्विच दाबून हीच तपासणी केली की माळ सलग आहे की तुटली, हे लगेच कळतं.

तीस वर्षांनी उरलेला क्रम

या साऱ्या काळातून एक क्रम तावूनसुलाखून निघाला आहे, आणि तो प्रत्येक सुतारशाळेच्या भिंतीवर लिहावा असा आहे. आधी पॉइंट, मग एक्स्टेन्शन. त्यानंतर प्लग काढून ठेवायचा आणि तो काढलेला असतानाच पुढचं सगळं बघायचं. केबल मुठीपाशी वाकते तिथे ती आतून तुटते, ती जागा चाचपायची. कटर पकडणारं कोलेट हाताने फिरवून बेअरिंग जाम नाही ना, हे बघायचं. मग कार्बन, मग स्विच, मग कम्युटेटर. जळका वास असेल तरच वाइंडिंग. स्वस्त आणि बाहेरचं आधी, महाग आणि आतलं शेवटी.

जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन आणि वायरमन घडतात. त्यांच्या हाती एकदा तरी गावातल्या सुताराचा बंद राउटर यावा, आणि सुतारकाम शिकणाऱ्या मुलाने एकदा तरी स्वतः कार्बन बदलावा, एवढी मागणी फार नाही. आणि राउटर वापरणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे: पावसाळ्यात मशीन माळ्यावर उघडं ठेवू नका, पुसून, कोरड्या डब्यात झाकून ठेवा. कंपनीच्या कार्बनची एक जोडी खणात असू द्या. राउटर गप्प झाला तर दुकानाकडे धावण्याआधी दोन टोप्या उघडून बघा. या किनाऱ्यावर बंद पडलेली बहुतेक मशीनं मेलेली नसतात, त्यांना फक्त नीट बघणारं कुणीतरी हवं असतं.