पायाखालची कमान

भाद्रपदात गौरी येतात तेव्हा दारापासून देवघरापर्यंत पावलं उमटवायची असतात. मूठ आवळायची, करंगळीकडची बाजू ओल्या कुंकवात बुडवून फरशीवर टेकवायची आणि वर बोटांच्या टोकांनी पाच ठिपके द्यायचे. आईला हे करताना मी लहानपणापासून पाहत आले. त्या ठशाचा आकार मात्र नीट पाहिला तो तिचा तळपाय दुखायला लागल्यावर. बाहेरची कड भरलेली, आणि आतल्या बाजूला एक वळणदार रिकामी जागा. न्हाणीघरातून ओल्या पायांनी बाहेर आल्यावर फरशीवर उमटणारं खरं पाऊलही बहुतेकांचं असंच असतं.

ती रिकामी जागा म्हणजे तळपायाची कमान. आपल्या भाषेत या शब्दाचे दोन अर्थ आहेत. वाड्याच्या दरवाजावर असते ती दगडी कमान, आणि बाण सोडतात ती तीरकमान. पहिली शतकानुशतकं हलत नाही, दुसरी वाकते आणि उसळते. पाऊल ही दोन्ही कामं एकाच पावलात करतं. टाच टेकते तेव्हा ते सैलावून जमिनीचा उंचसखलपणा सोसतं, आणि क्षणभरानं चवड्यावर जोर देऊन पुढे जाताना तेच ताठ होतं.

एका पावलात २६ हाडं असतात. दोन्ही पावलांची मिळून ५२, म्हणजे अंगातल्या २०६ हाडांपैकी चौथा हिस्सा गुडघ्याच्याही खूप खाली, घोट्यापलीकडे आहे! दगडी कमानीतले दगड एकमेकांना रेटून उभे राहतात, पण तिचे दोन्ही पाय बाहेर सरकू नयेत म्हणून बाजूंना जाडजूड भिंती लागतात. पावलाला भिंती नाहीत. तिथे टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत एक चिवट पट्टा ताणलेला असतो. डॉक्टर त्याला प्लान्टर फॅशिया म्हणतात. तीरकमानीची दोरीच ती.

ही दोरी काम करताना पाहता येते. खुर्चीवर बसा, पाऊल जमिनीवर सैल ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तुमचा अंगठा हातानं वर उचलायला सांगा. तळपायाची कमान आपोआप उंचावते. अंगठा वळला की पट्टा त्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर गुंडाळला जातो, आखूड होतो आणि टाच व चवडा जवळ ओढतो. विहिरीवरच्या रहाटाला दोर गुंडाळावा तसंच हे. जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली हे ओळखलं आणि त्याला रहाटाचंच नाव दिलं. चालताना टाच उचलली की दर पावलाला हा रहाट फिरतो.

शिवाय एक आडवी कमानही आहे, पावलाच्या आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. दहाची नोट एका टोकाला धरा, ती लोंबते. तिलाच आडवी थोडी वाकवून पन्हळासारखी धरा, ती ताठ उभी राहते. मधुसूदन वेंकडेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली ‘नेचर’मध्ये दाखवलं की पावलाच्या ताठपणातला ४० टक्क्यांहून अधिक वाटा या आडव्या बाकाचा आहे. त्याच नियतकालिकात १९८७ साली केर, अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी मोजलं होतं की धावताना पावलागणिक लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे १७ टक्के टाचेपासून चवड्यापर्यंतची उभी कमान स्वतःत साठवते आणि बरीचशी परत देते.

मग साठी-सत्तरीत ती का दुखते? दोरी झिजते म्हणून. रात्री झोपेत पाऊल खाली कललेलं असतं, पट्टा आणि पोटरी आखडून राहतात. सकाळी पहिल्या पावलाला अख्ख्या देहाचा भार त्यांच्यावर एकदम येतो आणि टाचेपाशी सुरी लागल्यासारखी कळ येते. चार पावलं चाललं की ती ओसरते. त्यातच वयानुसार टाचेखालची चरबीची गादी पातळ होते, पोटऱ्या ताठरतात. आतल्या घोट्यामागून येऊन कमानीला वरून उचलून धरणारा एक स्नायूबंध असतो, तोही थकतो.

पण या तीरकमानीची दोरी जिवंत आहे, ही मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट. सुताची दोरी ताणानं फक्त झिजते, ही मात्र बेताच्या भारानं पुन्हा बळकट होऊ शकते, उतारवयातही. म्हणून पहिला उपाय पलंगावरच करायचा. पाय खाली टेकण्याआधी दुखरं पाऊल दुसऱ्या गुडघ्यावर घ्या, बोटं हातानं नडगीकडे ओढा, दहा आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा. दिवसातून आणखी दोनदा. भिंतीला हात टेकून, मागची टाच न उचलता पोटरी अर्धं मिनिट ताणणं हा त्याचा जोडीदार.

दुसरा उपाय स्वयंपाकघरात. ओट्याला धरून उभं राहा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, दोन्ही टाचा हळूहळू उचला, क्षणभर थांबा, तितक्याच हळू खाली या. बोटं वर वळलेली असल्यानं रहाट ताणला जातो आणि पट्ट्याला नेमका भार मिळतो. डेन्मार्कमध्ये झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकेका पायावर असा व्यायाम दिवसाआड करणाऱ्यांना तीन महिन्यांत नुसत्या ताणाच्या व्यायामापेक्षा जास्त आराम पडला. वर्षभरानं दोन्ही गट सारखेच बरे होते. ज्येष्ठांनी दोन्ही पायांवर सुरुवात करावी आणि तोल जात असेल तर फिजिओथेरपिस्टसमोर शिकून घ्यावं. धीर हवा, कारण हे दुखणं महिन्यांच्या हिशोबानं बरं होतं, पण बहुतेकांचं शस्त्रक्रियेविना होतं.

घरातल्या टणक फरशीवर अनवाणी फिरण्याऐवजी मागे पट्टा असलेली, टाचेला आधार देणारी चप्पल घाला. ती चवड्यापाशी वाकावी, मध्यातून दुमडू नये. पादत्राणं संध्याकाळी घ्या, कारण तेव्हा पाऊल थोडं सुजलेलं असतं. वारी किंवा परिक्रमा ठरली असेल तर चालणं महिनोन्‌महिने आधीपासून थोडं थोडं वाढवा. काशाच्या वाटीनं तळपाय घासणं सुखाचं आहे, जरूर घासावेत, पण बळ येतं ते व्यायामानंच.

काही खुणा मात्र घरी सांभाळायच्या नाहीत. एकाच पायाची कमान बसत चालली, आतला घोटा दुखतो, त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नाही, तर तो थकलेला स्नायूबंध असू शकतो. लवकर दाखवलं तर पाऊल वाचतं. मधुमेह असलेल्याचं पाऊल अचानक लाल, गरम आणि सुजलेलं दिसलं तर, दुखत नसलं तरी, त्यावर भार न देता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आत हाडं ढासळत असू शकतात आणि कळ सांगणाऱ्या नसा मुक्या झालेल्या असतात. तळव्याची संवेदना कमी असेल तर गरम पाण्याचा शेक किंवा बर्फही नको. आणि ज्यांचे पाय जन्मापासून सपाट असून दुखत नाहीत, त्यांनी काळजी करू नये. तीही एक निरोगी घडण आहे.

आई आता सकाळी पलंगावर बसूनच बोटं ओढते, मोठ्यानं आकडे मोजते. मग उठते. आंघोळ करून आली की तिची पावलं फरशीवर उमटतात आणि पाणी वाळेपर्यंत मी ती पाहत राहते. बाहेरची कड ओली, आत ती कोरडी, वळणदार जागा, गौरीच्या पावलात तिनं इतकी वर्षं न चुकता सोडलेली.