उन्हात जांभळी, सावलीत हिरवी : 'पर्पल हार्ट' कुंडीतच का बरी?

अक्कलकोट तालुक्यातल्या मैंदर्गीत एप्रिल-मे म्हणजे चाळीस अंशांपुढचं ऊन. कुंडीतली बरीच रोपं दुपारी माना टाकतात. 'पर्पल हार्ट' नावाने नर्सरीत मिळणारी जांभळ्या पानांची पसरट वेल मात्र अशा उन्हातच खुलते. तिच्या मांसल खोडात आणि पानांत पाणी साठलेलं असतं, त्यामुळे एखाद-दुसरा दिवस पाणी चुकलं तरी चालतं.

ही मूळची मेक्सिकोची. शास्त्रीय नाव ट्रेडस्कॅन्शिया पॅलिडा. पानांचा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा; जांभूळ आणि कोकमाचा रंगही त्याच्याच घराण्यातला. हेच रोप सावलीत ठेवा, महिन्या-दोन महिन्यांत ते हिरवट पडेल. 'रंग उडाला' म्हणून खत घालणाऱ्यांनी आधी कुंडी उन्हात सरकवून पाहावी!

तिचा आणखी एक उपयोग आहे. ब्राझीलच्या साओ पाउलोत हिच्या कळ्या हवेचं प्रदूषण तपासायला वापरल्या गेल्या. विषारी वायूंनी कळीतल्या पेशींची गुणसूत्रं तुटतात आणि त्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात.

मग दुभाजकावर, ओढ्याकाठी, माळावर सगळीकडे लावावी का? इथे थांबायला हवं. हिची कांडी तुटून ओल्या मातीत पडली की पेरापासून मुळं फुटतात. छाटणी करून ओढ्यात टाकलेला कचरा म्हणजे नवी लागवडच. न्यूझीलंडमध्ये हिचीच एक बहीण, ट्रेडस्कॅन्शिया फ्लुमिनेन्सिस, बागेतून निसटली. जंगलात तिची अशी गादी पसरली की खाली झाडांची नवी रोपं उगवेनात.

सोलापूरचा माळ उजाड दिसतो, पण तो गवताळ प्रदेश आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य अशाच गवतासाठी राखलंय. तिथे जांभळा गालिचा नको. आणि या वेलीचे नातलग आपल्याकडे आहेतच : पावसाळ्यात बांधावर उगवणारा, भजी करतात तो केना आणि कास पठारावरची आभाळी.

तेव्हा वेल कुंडीत किंवा सिमेंटच्या कडेने बांधलेल्या वाफ्यात लावा. छाटताना हातमोजे घाला, चिकानं काहींच्या अंगाला खाज सुटते. कुत्र्या-मांजरांनाही ती चघळू देऊ नका. कापलेल्या कांड्या मातीवर न टाकता गच्चीवर कडक उन्हात वाळवा. खोड कुरकुरीत होऊन मोडलं, मगच कचऱ्यात.