साडेआठचा बर्फ

संपादकांच्या मनात पर्यटन होतं. डिसेंबर लागला की पुण्या-मुंबईहून काश्मीरला निघणाऱ्या प्रत्येक सहलीत एकच चौकशी चालते : गुलमर्गला बर्फ मिळेल ना हो? या प्रश्नाचं उत्तर रोज देण्याचं काम ज्यांच्या वाट्याला आलंय त्यांच्यावर लिहा, असं त्यांनी सांगितलं. मी गेलो, आणि गोंडोला नावाचा रोपवे, हॉटेलं, स्की शाळा हे सगळं बाजूला ठेवून एका पर्जन्यमापकापाशी रेंगाळलो.

तो हवामान खात्याचा. या खात्याचा अधिकृत इतिहास जाडजूड आहे. त्यातलं आपल्या कामाचं थोडंच. खातं १८७५ साली स्थापन झालं. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये असं मांडलं, की हिवाळ्यात आणि वसंतात हिमालयावर बर्फ जास्त पडला तर पुढचा मोसमी पाऊस हात आखडता घेतो. त्याच धाग्यावर १८८६ पासून मोसमी पावसाचे अधिकृत अंदाज निघू लागले. म्हणजे हिमालयातल्या बर्फाची खबर सरकारला हवी होती ती स्कीवाल्यांसाठी नव्हे. खाली मैदानात पेरण्या आणि दुष्काळ होते म्हणून. पुढे मुख्यालय सिमल्याला गेलं आणि १९२८ मध्ये तिथून पुण्याला आलं. ते १९४४ मध्ये दिल्लीला हललं, तरी शिवाजीनगरचा बसथांबा आजही ‘सिमला ऑफिस’च आहे. त्या थांब्यावर उतरणाऱ्या किती जणांना तो सिमला कुठून आला हे ठाऊक असेल, देव जाणे.

गुलमर्ग आहे बारामुल्ला जिल्ह्यात, पीर पंजालच्या कुशीत, सुमारे २६५० मीटरवर. इथला बर्फ अरबी समुद्राच्या मोसमी वाऱ्यांनी येत नाही. तो येतो पश्चिमी चक्रावातांबरोबर. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेल्या या प्रणाली वरच्या थरातल्या वेगवान पश्चिमी वाऱ्यांवर स्वार होऊन इराण, अफगाणिस्तान ओलांडत येतात आणि वाटेत कास्पियन, कधी अरबी समुद्राची वाफ उचलतात. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा येतात. त्यातल्या काही नुसते ढग दाखवून निघून जातात. हवा पीर पंजालवर चढते, थंड होते आणि ओझं टाकते.

प्रणाली येतेय हे उपग्रहावर चार-पाच दिवस आधी दिसतं. त्यामुळे ‘बर्फ पडेल का’ हा प्रश्न आता फारसा अवघड राहिलेला नाही. अवघड आहे ते ‘कुठल्या उंचीवर’ आणि ‘किती’. श्रीनगर १५८५ मीटरवर, गुलमर्ग त्याहून हजार मीटर वर, गोंडोलाचं शेवटचं स्टेशन अफरवट शिखराच्या खांद्यावर ३९०० मीटरच्याही पुढे. हजार मीटरला साडेसहा अंश धरले, तर श्रीनगरात पाच अंशांवर पाऊस पडताना गुलमर्गला ओला बर्फ पडतो आणि वर कोरडी भुकटी. शून्य अंशाची रेघ दोनशे मीटरनं चुकली की हॉटेलाच्या दारात बर्फाऐवजी चिखल. ही रेघ पकडायला श्रीनगरहून पहाटे साडेपाचला हवेत फुगा सोडतात. पण फुगा दरीतून चढतो, डोंगराच्या अंगावरून नव्हे.

त्यात भर अंदाजाच्या भाषेची. ‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द आपण जूनपासून ऐकतो आणि त्यावर विनोद करतो. खात्याच्या लेखी त्यांचा अर्थ नेमका आहे : त्या विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत ठाण्यांवर. आता काश्मीर खोऱ्यातली जुनी, रोज बातम्यांत येणारी ठाणी आठवा. श्रीनगर, काझीगुंड, पहलगाम, कुपवाडा, कोकरनाग, गुलमर्ग. सहा. एकट्या गुलमर्गला कंबरभर बर्फ पडला आणि बाकी पाच कोरडी राहिली, तरी हिशेबानं तो ‘तुरळक’च! अंदाज खोटा ठरत नाही. फक्त स्कीवाल्याला तो वाचता येत नाही.

तर, पर्जन्यमापक. आपल्या तहसील कचेरीच्या आवारात असतो तसाच, फायबरग्लासचा. सकाळी साडेआठला देशभर जशी नोंद घेतात तशीच इथंही घेतात. फरक एवढाच, की इथला निरीक्षक फेरन सावरत, बुटांनी वाट तुडवत जातो आणि त्याला भांड्यात पाणी मिळत नाही, बर्फ मिळतो. बर्फ मोजपात्रात ओतता येत नाही. मग तो मोजून कोमट पाणी घेतो, भांड्यातल्या बर्फावर ओततो, सगळं वितळू देतो, एकूण पाणी मोजतो आणि ओतलेलं वजा करतो. उरलं ते आभाळाचं. गोठलेल्या बोटांनी केलेली ही वजाबाकी मी पाहत राहिलो. उपग्रह, डॉपलर रडार, महासंगणक यांचं भाकीत खरं ठरलं की खोटं, याचा निवाडा शेवटी या पाण्यावर ठरतो.

आणि हे यंत्र हट्टी आहे. वारा सुटला की बर्फाचा हलका कण तोंडाशी येऊन भांड्याला वळसा घालून पुढे जातो. पावसाचा थेंब जड, तो निमूट आत पडतो. जोराच्या वाऱ्यात साध्या मापकात पडणाऱ्या बर्फातला निम्मासुद्धा पकडला जात नाही, हे जगभरच्या चाचण्यांत दिसलंय. वादळ जितकं मोठं, तितकी नोंद तोकडी. म्हणून शेजारी जमिनीवरच्या बर्फाची जाडी वेगळी मोजावी लागते. दहा मिलिमीटर पाणी म्हणजे ढोबळमानानं दहा सेंटिमीटर बर्फ. पण कडाक्याच्या थंडीत तेच पाणी पंधरा-वीस सेंटिमीटर भुकटी होऊन पडतं. चिल्लई कलानच्या चाळीस दिवसांत, म्हणजे २१ डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत, पडणारा बर्फ कोरडा आणि टिकाऊ. नंतरचा जड, लवकर ओघळणारा. निरीक्षक दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहितो. मला विचाराल तर संपूर्ण गुलमर्गमधला सगळ्यात मोलाचा कागद तोच.

मोलाचा, पण अपुरा. कारण अंदाज सांगतो उद्या आभाळातून काय पडणार, आणि माणसं मरतात ती आधीच जमिनीवर पडलेल्या बर्फामुळे.

हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडासा बर्फ पडला आणि मग महिनाभर आभाळ कोरडं राहिलं, तर त्या पातळ थराच्या तळाशी जमिनीची ऊब आणि वर बोचरी थंडी असते. मधल्या मध्ये वाफ फिरते आणि कणांचे जाड साखरेसारखे सुटे स्फटिक होतात. एकमेकांना न चिकटणारे. त्यावर फेब्रुवारीत एका दमात मीटरभर बर्फ कोसळला की तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर वरची सगळी लादी निसटायला एक स्कीवाला पुरतो. वारा त्यात आणखी भर घालतो : कड्याच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या, आडोशाच्या बाजूला रचतो. मापकात वीस सेंटिमीटर, आणि त्या आडोशाला साठ. अशा हिवाळ्यात बर्फ कमी म्हणून धोका कमी, असं मानणारे चुकतात.

जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार तपकिरी होते; पर्यटक गवतावर उभं राहून फोटो काढत होते. महिनाअखेरीपासून बर्फ आला. २२ फेब्रुवारीला गुलमर्गजवळच्या खिलनमर्गच्या वरच्या भागात हिमस्खलन झालं आणि एक रशियन स्कीपटू गेला. आदल्या वर्षी १ फेब्रुवारीला अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू गेले होते. आणि ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्गलाच, हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान. डोंगर ओळखणारी, डोंगरातच प्रशिक्षण घेणारी माणसं होती ती.

हिमस्खलनाचा इशारा हवामान खातं देत नाही. ते काम डीआरडीओच्या चंदीगडच्या प्रयोगशाळेचं, जिला सगळे वर्षानुवर्षं ‘सासे’ म्हणत. २०२० पासून तिचं नाव डीजीआरई. इशारा निघतो तो जिल्ह्यावार : बारामुल्ला, अमुक मीटरच्या वर, पुढचे चोवीस तास, धोका मध्यम. सैन्याच्या चौक्यांना आणि रस्त्यांना तो उपयोगी पडतो. पण बारामुल्ला जिल्हा नियंत्रण रेषेपर्यंत पसरलेला आहे आणि स्कीवाल्याचा प्रश्न एका घळीपुरता असतो. पूर्वेकडची ही घळ, आज दुपारी, ऊन पडल्यावर. स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसची संस्था प्रशिक्षित निरीक्षकांच्या आणि स्वयंचलित ठाण्यांच्या जाळ्यावर हिवाळ्यात रोज प्रदेशवार पत्रक काढते, कुठल्या उंचीवर आणि कुठल्या दिशेच्या उतारावर धोका आहे तेही सांगते. तिथं बर्फाची दैनंदिन मोजणी १९३६ पासून चालू आहे. आपल्याकडे जिल्ह्याचा इशारा आणि प्रत्यक्ष उतार यांच्यामधलं अंतर गुलमर्गच्या स्की पेट्रोलची मूठभर माणसं भरून काढतात. सकाळी बर्फ तपासायचा आणि ठरवायचं, की गोंडोलाचा दुसरा टप्पा उघडायचा की नाही. हद्दीच्या दोरीच्या आतला भाग त्यांचा. दोरीच्या बाहेर कुणाचाच नाही, आणि परदेशी स्कीपटू हजारो मैलांवरून येतात ते नेमके त्याच बर्फासाठी.

हवामान बदलाचं सावट आहेच. २०२५ च्या फेब्रुवारीत खेलो इंडियाच्या गुलमर्गमधल्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या. त्या मार्चमध्ये झाल्या. हंगाम आखडला, की उरलेल्या दिवसांवर दबाव वाढतो. हॉटेलवाला, घोडेवाला, स्लेज ओढणारा, भाड्यानं बूट देणारा, सगळ्यांची वर्षाची कमाई त्या थोड्या दिवसांत यायची असते. मोठ्या बर्फानंतरची पहिली निळी सकाळ स्कीसाठी सगळ्यात सुंदर आणि उतारासाठी बहुधा सगळ्यात वाईट. त्याच सकाळी तिकीट खिडकीपाशी सर्वांत लांब रांग असते, त्यात आठवड्यांपूर्वी ऑनलाइन तिकीट काढून आलेले आपले लोकही असतात, आणि दुसरा टप्पा बंद ठेवला तर ओरडा खावा लागतो तो खिडकीवरच्या माणसाला. बंद का, असं विचारलं तर तो आभाळाकडे बोट दाखवू शकत नाही. आभाळ स्वच्छ असतं.