गाडीतला कारकून आणि तांब्याची तार



लातूरहून अहमदपूर, लोहा करीत नांदेडला जाणारा रस्ता आपल्यापैकी अनेकांच्या पायाखालचा आहे. या रस्त्यावर जुनी डिझेल जीप बंद पडली, तर चालक खाली उतरे, बॉनेट उघडी, पंपातली हवा काढी आणि गाडी पुन्हा चालू लागे. त्या जीपमध्ये कॉम्प्युटर नव्हताच. मारुतीची जिप्सी १९८५ साली आली तेव्हा तिलाही साधा कार्बोरेटर होता. सन २०००च्या सुमारास मात्र तिच्यात इंजेक्टर आले आणि त्यांच्यासोबत कॉम्प्युटर आला. त्या जिप्सी आता वीस-पंचवीस वर्षांच्या झाल्या. त्या हौसेने घेऊन घरीच दुरुस्त करणारी तरुण मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत. आजच्या चार गोष्टी त्यांच्यासाठी.

माझ्या परिचयाच्या एका शेतकऱ्याची अशीच जिप्सी काळा धूर सोडू लागली. पेट्रोल दीडपट जाई. इंजिन तापले की गाडी बंद पडे. कोणी म्हणाले, कॉम्प्युटर बदला. कोणी म्हणाले, त्यातले आकडे बदलून ‘ट्यूनिंग’ करून घ्या. त्या खर्चासाठी घरातले सोयाबीन पडत्या भावाने विकायला तो निघाला होता. मी म्हटले, “दोन दिवस थांबा. आधी मीटर लावून पाहू.”

हा कॉम्प्युटर म्हणजे बंद खोलीत बसलेला कारकून समजा. इंजिन त्याला दिसत नाही. सेन्सरकडून तारांवाटे ज्या चिठ्ठ्या येतात, त्या वाचून तो किती पेट्रोल सोडायचे ते ठरवतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते; पण इंजिन थंड असेल तर थोडे जास्त पेट्रोल द्यावे लागते. इंजिन थंड की गरम, हे पाण्याच्या तापमानाचा सेन्सर सांगतो. २० अंशांना त्याचा विद्युत् रोध अडीच हजार ओहमच्या आसपास असतो. ८० अंशांना तो तीनशेवर उतरतो.

आम्ही इंजिन तापवले, किल्ली बंद केली, बॅटरीची ऋण तार काढली आणि सेन्सर मोजला. तीनशे ओहम, म्हणजे सेन्सर ठीक. मग त्याच्याच दोन तारा कॉम्प्युटरच्या प्लगपाशी मोजल्या, तर बाराशे! मधले नऊशे ओहम आले कुठून? सेन्सरचा प्लग उघडून पाहिला, तर पितळी टोकांवर हिरवा थर चढलेला. कारकुनाला चिठ्ठी मिळत होती, ‘इंजिन अजून थंड आहे,’ आणि तो बिचारा इमानाने जास्त पेट्रोल सोडत होता. टोके साफ केली, प्लग घट्ट बसवला. धूर थांबला आणि सोयाबीन घरातच राहिले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत होता होता वाचली!

तेव्हा आकड्यांना हात लावण्यापूर्वी तारा तपासा. काही शे रुपयांचे मीटर पुरते. गाडी बंद असताना भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसावेत, इंजिन चालू असताना १४च्या आसपास. इंजिन आणि दिवे चालू ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूला व दुसरे इंजिनच्या उघड्या धातूला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थिंग गंजले आहे किंवा ढिले आहे असे समजा.

जादा दिवे लावायचे असतील तर आधी हिशेब करा. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट, म्हणजेच नऊ अँपिअरहून अधिक प्रवाह. त्यांना वेगळी तार, वेगळा रिले आणि बॅटरीजवळच फ्यूज हवा. कॉम्प्युटरच्या तारेतून तो प्रवाह घेऊ नका. फ्यूज उडाला म्हणून त्या जागी तांब्याची तार घालणे म्हणजे गाडीला आग लावणेच होय. वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी आणि कॉम्प्युटरचा प्लग दोन्ही काढा. तारा नुसत्या पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळू नका. जोड डाखून घ्या. आणि मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ चे बंधन आहे, हेही लक्षात असू द्या.

शिक्षकबंधूंना एक विनंती. वर्गात एक सेल, एक छोटा दिवा आणि एक गंजलेला खिळा न्या. खिळ्यातून दिवा पेटवून दाखवा, मग खिळा पॉलिशपेपरने घासून पुन्हा पेटवा. दिव्यात पडणारा फरक मुले जन्मभर विसरणार नाहीत. त्यांतलाच एखादा उद्या मिस्त्री होईल, आणि कारकुनाला दोष देण्याआधी चिठ्ठी कोणी बिघडवली, ते पाहील.