चिक्कीचा पाक आणि एन्थाल्पीचा हिशेब

मागच्या वेळी आपण उष्णता आणि तापमान यांतला फरक पाहिला. आज गणितं करू, आणि त्यासाठी लोणावळ्याची चिक्कीच घेऊ. पाक करणाऱ्या प्रत्येकाला एक अनुभव आलेला असतो. पाक बराच वेळ नुसता उकळत राहतो, आणि तयार झाला म्हणेपर्यंत करपतो. आच तर तीच असते, मग असं का होतं?

कढईत १ किलो गूळ आणि २५० ग्रॅम पाणी आहे असं समजा. हिशेबापुरता गूळ म्हणजे साखरच धरू. सगळे आकडे अंदाजे आहेत.

पहिला टप्पा तापवण्याचा. सूत्र तुम्हाला माहीत आहे: उष्णता = वस्तुमान × विशिष्ट उष्माधारकता × तापमानातला फरक. या मिश्रणाची विशिष्ट उष्माधारकता दर ग्रॅमला, दर अंशाला सुमारे २.५ ज्यूल. २५ अंशांपासून ११० अंशांपर्यंत, म्हणजे १२५० × २.५ × ८५. उत्तर येतं सुमारे २६६ किलोज्यूल.

दुसरा टप्पा उकळण्याचा. चिक्कीचा पाक साधारण १५० अंशांना तयार होतो. तोवर त्यात पाणी उरतं जेमतेम १० ग्रॅम. म्हणजे २४० ग्रॅम पाण्याची वाफ झाली. २४० भागिले १८, म्हणजे १३.३ मोल. पाण्याची बाष्पीभवनाची एन्थाल्पी मोलला ४०.७ किलोज्यूल. गुणाकार केला की ५४३ किलोज्यूल. शिवाय पाक ११० वरून १५० अंशांवर न्यायला आणखी ८० लागतात. आता बघा, इथली बहुतेक उष्णता तापमान वाढवण्यात जातच नाही, ती वाफेबरोबर निघून जाते.

तिसरा टप्पा करपण्याचा. आता पाणी संपलं. १ किलो पाक १५० वरून १७० अंशांवर जायला १००० × २ × २०, म्हणजे फक्त ४० किलोज्यूल पुरतात!

कढईला सेकंदाला १ किलोज्यूल उष्णता मिळते असं धरा. पहिला टप्पा साडेचार मिनिटांचा, दुसरा दहा मिनिटांचा, आणि तिसरा? चाळीस सेकंदांचा. तेवढ्यात फोन घ्यायला गेलात, की घाणा वाया गेला. म्हणून शेवटी आच कमी करायची.

आता चिन्हांकडे या, परीक्षेत चूक इथेच होते. बाष्पीभवन ऊष्माग्राही, म्हणून डेल्टा एच धन. गॅसचं ज्वलन ऊष्मादायी, म्हणून ऋण. ब्यूटेनसाठी तो मोलला उणे २८७८ किलोज्यूल, म्हणजे ग्रॅममागे जवळपास ५० किलोज्यूल बाहेर पडतात. तयार पाकापर्यंत आपल्याला लागले २६६ + ५४३ + ८० = ८८९. म्हणजे सुमारे १८ ग्रॅम ब्यूटेन. प्रत्यक्षात जास्तच लागेल, कारण बरीच उष्णता कढईच्या बाजूने हवेत जाते.

जाता जाता एक गोष्ट. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास उंच आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. पाकही साधारण दोन अंश आधीच त्या घट्टपणाला येतो. मुंबईत १५० ला उतरवायचा पाक इथे १४८ ला उतरवा. थर्मामीटर नसेल, तर गार पाण्यात थेंब टाकून बघायची जुनी रीत आहेच. ती पाकात किती पाणी उरलंय तेच सांगते, म्हणून ती कुठल्याही उंचीवर चालते.