पाण्यात सांबर, काठावर रानकुत्रे

ताडोबाच्या मोहर्ली गेटमधून सकाळी आत शिरणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांना एकच प्राणी हवा असतो. वाघ दिसला की रस्ता जिप्सींनी भरून जातो. रानकुत्रे दिसले तर दोन फोटो काढून गाडी पुढे निघते. मला हे फार खटकतं. दिवसाउजेडी, आपल्या डोळ्यांदेखत शिकारीचं सगळं नाट्य उलगडून दाखवणारा असा प्राणी आपल्या जंगलात क्वचितच भेटतो, आणि आता तो फार उरलेलाही नाही. आययूसीएनच्या २०१५ च्या अंदाजानुसार प्रजननक्षम रानकुत्रे साऱ्या जगात मिळून ९४९ ते २,२१५ एवढेच असावेत.

फाल्गुनातली सकाळ होती. पळस पेटलेले, मोहाखाली फुलांचा सडा. ताडोबा तलावाच्या वळणावर गाइडने ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "थांबव भाऊ. साहेब, पाण्यात बघा."

पाण्यात सांबराची मादी उभी होती. छातीपर्यंत पाणी, कान पुढे, शेपूट ताठ. मधूनच तिचा तो घोगरा, दणकट 'पोंक्' घुमायचा. काठावर नऊ रानकुत्रे होते. तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपटी, गोलसर कान. दोघं ओल्या मातीत निवांत पसरले होते, एक काठाने येरझारा घालत होता, बाकीचे नुसते बघत होते.

रानकुत्रा उत्तम पोहतो. सावजाला पाण्याकडे हाकलणं हा त्याच्या शिकारीचाच एक भाग असतो. पण इथे पाण्याची खोली सांबराच्या बाजूने होती. तिचे खूर तळाला टेकत होते आणि कुत्र्यांना पोहावं लागलं असतं. जेमतेम पंधरा-वीस किलोचं जनावर पोहता पोहता दीड-दोनशे किलोच्या सांबराशी काय झुंजणार? शिवाय या तलावात मगरी आहेत. एक कुत्रा पोटाएवढ्या पाण्यात उतरला, तशी सांबरीण त्याच्याकडे वळली, पुढचे पाय आपटून तिने पाणी उसळवलं आणि तो मागे सरला.

मी चारशेची लेन्स काढून लहान लेन्स लावली. नुसत्या सांबराचा जवळून घेतलेला फोटो देखणा आला असता, पण ती पाण्यात का उभी आहे हे त्यात कळलं नसतं. काठ आणि पाणी दोन्ही एका चौकटीत हवे होते. पाण्यावरच्या चकाकीमुळे तिचं अंग काळं पडत होतं, म्हणून एक्स्पोजर वाढवलं आणि पाणी पांढरं पडू दिलं. तिच्या मानेवरचे भिजलेले केस दिसणं मला जास्त मोलाचं वाटत होतं.

मग बांबूच्या बेटातून एक बारीक शिट्टी आली. झाडीत पांगलेली टोळी एकमेकांना अशीच शीळ घालून हाक देते. पसरलेले दोघं उठले, अंग झाडलं, आणि सगळेच्या सगळे एका मागोमाग झाडीत शिरले. सांबरीण मात्र बराच वेळ तिथून हलली नाही.

या प्राण्याची बदनामी जुनी आहे. किपलिंगच्या १८९५ च्या 'द सेकंड जंगल बुक'मध्ये तो साऱ्या जंगलाचा कर्दनकाळ म्हणून येतो. इंग्रजी अमलात तर रानकुत्रा मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळत असे. शिकारी लोक त्याला क्रूर म्हणत, कारण तो सावजाचं पोट फाडतो. पण वाघासारखा नरडं आवळणारा जबडा नि पकडून ठेवणारे पंजे त्याच्याकडे नाहीत. अनेक तोंडांनी, झटपट, एवढाच मार्ग त्याला मोकळा आहे. सावज मरतं ते रक्तस्रावाने आणि धक्क्याने. बघायला ते भयंकर असतं, मीही नजर वळवली आहे. पण त्यात दुष्टपणा शोधणं अन्यायाचं आहे. १९७०च्या दशकात ए. जे. टी. जॉनसिंग यांनी बंदीपूरच्या जंगलात या टोळ्यांचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा कुठे शिकाऱ्यांच्या किश्शांच्या जागी निरीक्षणं आली.

आज त्याला बंदुकीपेक्षा रोगराईचं भय अधिक आहे. डिस्टेंपर आणि रेबीज हे गावकुत्र्यांचे रोग पाणवठ्यावर, मेलेल्या गुरांवर त्याच्यापर्यंत पोचू शकतात, आणि इतक्या जवळीकीने राहणाऱ्या टोळीत एकाला झालेली लागण सगळ्यांना भोवते. म्हणून जंगलालगतच्या गावांतली कुत्र्यांची लसटोचणी मला गस्तीइतकीच महत्त्वाची वाटते.

दुपारच्या फेरीत ती टोळी पुन्हा दिसली. रस्त्यापासून थोडं आत, सागाखाली, एका चितळावर. या वेळी सोबत पिल्लं होती. रानकुत्र्यांची वीण हिवाळ्यात होते, तेव्हा ही जेमतेम तीन महिन्यांची असावीत. बिळात असताना मोठी मंडळी त्यांच्यासाठी पोटातलं मांस ओकून देतात. बाहेर पडू लागल्यावर शिकारीवर पहिला मान त्यांचा. मोठे कुत्रे थोडे बाजूला उभे होते, जिभा बाहेर, माना चौफेर फिरत. पाऊण टोळी उपाशीपोटी पहारा देत होती आणि पिल्लं चितळाच्या मांडीशी एकमेकांना ढकलत, गुरगुरत जेवत होती.