सेप्सिसच्या रुग्णाला अमिनो आम्ले द्यावीत का?

आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्या नातेवाइकाच्या हातात चिठ्ठी येते. औषधांच्या खाली कधी प्रोटीन पावडरचा डबा लिहिलेला असतो, कधी ग्लुटामीनची पाकिटे, तर कधी अमिनो आम्लांची सलाईनची बाटली. पेशंट सेप्सिसमध्ये आहे, आठ दिवसांत अंगावरचे मांस उतरले आहे. माणूस उसने पैसे घेऊन मेडिकल गाठतो. वॉर्डात होतो तेव्हा आम्हीही असे डबे कालवून नाकातल्या नळीतून दिले आहेत, आणि ‘आता ताकद येईल’ असे घरच्यांना सांगितलेही आहे. ते सांगणे चुकीचे होते.

सेप्सिस म्हणजे नुसते ‘रक्तात जंतू’ नव्हे. न्यूमोनिया, लघवीचा किंवा बाळंतपणानंतरचा संसर्ग, मधुमेह असलेल्याच्या पायाची जखम, कुठूनही त्याची सुरुवात होते. जंतूंशी लढताना पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाची रसायने सोडतात आणि दाह निर्माण होतो. एरवी हा दाह जखमेपुरता राहतो. सेप्सिसमध्ये तो अंगभर पसरतो, रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी उतरते, मूत्रपिंडे आणि फुप्फुसे निकामी होऊ लागतात. त्याच वेळी प्रतिकारशक्तीचा काही भाग थकून गप्पही होतो. म्हणून दाह नुसता दाबून किंवा नुसती प्रतिकारशक्ती वाढवून भागत नाही.

अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनांच्या विटा. त्यातले ग्लुटामीन रक्तात सर्वांत मुबलक असते आणि पांढऱ्या पेशी व आतड्याचे अस्तर त्यावर पोसले जाते. आजारात शरीर स्वतःचेच स्नायू मोडून ते पुरवते, म्हणून दंड-मांड्या आठवड्याभरात वाळतात. अनेक गंभीर रुग्णांच्या रक्तात ते कमी सापडले. उंदरांवरच्या प्रयोगांत ग्लुटामीन दिल्यावर सायटोकाइन घटले. मग तर्क सरळ वाटला, की कमी पडते ते भरून द्यावे.

माणसांवर तपासले तेव्हा उलटेच निघाले. कॅनडा, अमेरिका आणि युरोपातल्या ४० आयसीयूंमधील १,२२३ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे सेप्सिसचे नव्हते, पण सगळे व्हेंटिलेटरवर होते आणि प्रत्येकाचे किमान दोन अवयव निकामी झालेले होते. कोणाला ग्लुटामीन द्यायचे, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले होते. २८ दिवसांत ग्लुटामीन मिळालेल्यांपैकी ३२.४ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी २७.२ टक्के. एवढा फरक योगायोगाच्या सीमेवरचा म्हणता येईल. पण सहा महिन्यांनंतरचे मृत्यूही ग्लुटामीनच्या बाजूलाच जास्त होते, आणि तो फरक योगायोगाचा म्हणून सोडून देता येण्यासारखा नव्हता. ज्या थोड्या रुग्णांचे रक्त तपासले, त्यातल्या बहुतेकांत ग्लुटामीन मुळात कमी नव्हतेच! अमिनो आम्लांतला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे बाहेर पडतो. मूत्रपिंडे थकलेली असली तर तो साचतो, आणि या अभ्यासात युरिया फार वाढलेले रुग्णही ग्लुटामीनच्याच गटात जास्त होते.

शिवाय रक्तात एखादी गोष्ट कमी दिसली म्हणजे ती भरलीच पाहिजे, असे नसते. संसर्गात रक्तातले लोह उतरते, कारण जंतूंना ते मिळू नये म्हणून शरीरच ते दडवते.

अर्जिनीन हे दुसरे अमिनो आम्ल. त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनते आणि रक्तवाहिन्या आणखी सैल होतात. बीपी आधीच पडलेल्या माणसाला ते देणे धोक्याचे ठरू शकते, हे ओघाने आलेच. सेप्सिसच्या उपचारांसाठीच्या २०१६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत ग्लुटामीन देऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे, आणि अर्जिनीनही टाळावे असे सुचवले आहे.

साध्या प्रथिनांचे काय? ती लागतातच. नळीतून नेहमीचे फीड हळूहळू वाढवत न्यायचे असते. मात्र दुप्पट दिले म्हणून रुग्ण लवकर सुटत नाही. १६ देशांतल्या १,३२९ रुग्णांवर हे पाहिले गेले आणि २०२३ मध्ये निष्कर्ष आले: जास्त प्रथिनांनी फायदा झाला नाही, मूत्रपिंडे बिघडलेल्यांना तर त्रास होण्याचीच शक्यता दिसली.

जीव वाचतो तो वेळेवर मिळालेल्या अँटिबायोटिकने, सलाईनने आणि पू साचला असेल तर तो काढल्याने. शॉकमधल्या रुग्णाला अँटिबायोटिक पहिल्या तासातच मिळायला हवे. तापात माणूस असंबद्ध बोलू लागला, धाप लागली, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले, तर सकाळची वाट पाहू नका.

आणि चिठ्ठीवर डबा लिहून आला तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा: “हे कशासाठी? क्रिएटिनीन किती आहे? नेहमीच्या फीडमध्ये भागणार नाही का?” भाजलेल्या किंवा मोठ्या अपघातातल्या रुग्णाच्या बाबतीत डॉक्टरांचे उत्तर वेगळे असू शकते, ते ऐकून घ्या. औषध स्वतःहून बंद करू नका. विचारल्याने कोणी रागावले तर आयसीयूच्या सिस्टरना बाजूला घेऊन विचारा. बहुतेक जणी सांगतील.

रुग्ण घरी आला, की मूत्रपिंडे ठीक असल्याची डॉक्टरांकडून खात्री करून अंडी, डाळ, दही, शेंगदाणे, परवडेल तेव्हा मासे द्या. सोबत रोज थोडे चालवा. नुसत्या खाण्याने गेलेले स्नायू परत येत नाहीत.